तिकिटाच्या खिडकीवरील गर्दी
नामदार गोखल्यांच्या निधनाची वार्ता ऐकून १९१५ साली शांतिनिकेतनाहून पुण्यास निघालेल्या गांधीजींस वाटेत बरद्वान स्थानकावर तिसऱ्या वर्गाच्या तिकिटासाठी धक्के खावे लागले. पुढे ते ज्या वर्धा जिल्ह्यात येऊन राहिले, तेथील गरीब उतारूचे खिडकीपुढे ताटकळणे आजही सुटलेले नाही. वास्तविक अनारक्षित तिकीट २०१८ पासून देशभर मोबाइलवर मिळते. मग कापसाचा भाव घटकेघटकेस मोबाइलवर पाहणारे हिंगणघाटचे आमचे व्यापारी बंधू रांगेत कशास उभे राहतात? त्यांनी स्थानकात येण्यापूर्वीच तिकीट काढावे, म्हणजे मोबाइल नसलेल्या शेतमजुराची गाडी चुकणार नाही. मात्र हे निमित्त करून रेल्वेने एक जरी खिडकी बंद केली, तरी ते आम्हांस बिलकूल मान्य होणार नाही.