अप्पांच्या सहा टर्म आणि आमची विहीर

मंडळी, आजची नोंद पिकाची नाही, पाण्याची आहे. थोडी राजकारणाची पण आहे, तेव्हा ज्यांना नको त्यांनी पुढं सरका.

काल पाचूबंदरला गेलो होतो, केळीला घालायला सुक्या मासळीचं खत आणायला. बोंबील वाळत होते आणि खाली दोन काका हमरीतुमरीवर आलेले. एक म्हणे अप्पांनी वसई उभी केली, दुसरा म्हणे अप्पांनीच बुडवली. मग माझ्याकडं वळले, "तू वाडीवाला, तू सांग." मी गोण स्कूटरला बांधली आणि निघालो. उत्तर इथं देतोय.

हितेंद्र ठाकूर १९९०ला काँग्रेसच्या तिकिटावर पहिल्यांदा वसईचे आमदार झाले. मग १९९५, १९९९, २००४. २००९ला त्यांच्या पक्षाचा उमेदवार इथं पडला, पण २०१४ आणि २०१९ला ते स्वतः परत निवडून आले. सहा टर्म! २०१० आणि २०१५ला महापालिका त्यांच्याच बहुजन विकास आघाडीकडं, २००९पासून नालासोपाऱ्याची आमदारकी मुलाकडं. गटारापासून विधानसभेपर्यंत शिट्टीच वाजत होती. तेव्हा "माझ्या हातात नव्हतं" हे त्यांना म्हणता येणार नाही.

अप्पांचे लोक सूर्याचं पाणी दाखवतात. ते खोटं नाही. इमारतीतल्या बाईला नळ मिळाला, तिनं मत दिलं, त्यात तिचं काय चुकलं? पण हिशोब अर्धा सांगू नका. सूर्या प्रकल्प मुळात डहाणू-पालघर-विक्रमगडकडच्या शेतीच्या सिंचनासाठी बांधला. तिथल्या शेतकऱ्याच्या वाट्याचं पाणी शहराकडं वळलं आणि तो अजून त्यासाठी भांडतोय. वसईतल्या राजकारणाची सगळी कमाई नळ मोजण्यात झाली. विहिरी कुणी मोजल्याच नाहीत.

आता आमच्या बाजूचं. नळ येईपर्यंत इमारती तहानेल्या राहिल्या नाहीत, टँकर आमच्याच पट्ट्यातल्या विहिरींवर भरले. समुद्राकाठच्या वाळूत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. वरून जादा उपसलं की खालचं खारं वर चढतं, आणि ते एका पावसाळ्यात खाली जात नाही. पाण्याचा ईसी ३च्या वर गेला की केळीच्या पानाची कड जळते, घेवडा तर त्याच्या कितीतरी आधी मान टाकतो. कृषी विद्यापीठातली मित्रमंडळी हे वाचतायत, त्यांना वेगळं सांगायला नको.

बावखळं बुजली ती वेगळीच गोष्ट. वाडीतलं ते तळं पावसाचं पाणी धरायचं, जमिनीत मुरवायचं, त्यावर रहाट चालायचा. भरणी टाकून इमारत चढली. आणि हो, काही आपणच विकली. टँकरला पाणी विकणाऱ्यांतही आपलीच माणसं होती, हे लपवून उपयोग नाही. पण विकायला कुणी बंदूक लावली नव्हती तसं थांबवायलाही कुणी उभं राहिलं नाही. राज्याचा भूजल अधिनियम २००९चा आहे. आमदारानं आणि पालिकेनं मिळून मनावर घेतलं असतं तर निदान विहिरी-बावखळांची यादी झाली असती. जुलै २०१८ला वसई बुडाली, तेव्हा नीरी आणि आयआयटीचे तज्ज्ञ बोलावले. उपाय काय, तर पाणी धरायला धारण तलाव. अहो, तीच आमची बावखळं!

म्हणून दुसऱ्या काकांच्या बाजूचा आहे मी, असं समजू नका. २००९ला गावं महापालिकेतून वगळा म्हणत आपण विवेक पंडितांना निवडून दिलं. वेठबिगार सोडवणारा माणूस, मान आहेच. २०११ला २९ गावं वगळल्याची अधिसूचना निघाली, प्रकरण कोर्टात गेलं, आणि २०२४च्या सुरुवातीला सरकारनं ती गावं पालिकेतच ठेवायचं ठरवलं. त्या सरकारात भाजप होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांची मुलगी स्नेहा दुबे-पंडित भाजपकडून उभ्या राहिल्या आणि अप्पांना तीन हजारांच्या आसपास मतांनी पाडलं. गुलाल उडाला. माझ्या विहिरीचं पाणी दुसऱ्या दिवशी तेवढंच मचूळ होतं.

तेव्हा काका, अप्पांनी वसई उभी केली का बुडवली हा वाद तुम्ही घाला. मी सहा टर्मना एकच प्रश्न विचारतो, आणि नव्या आमदारांनाही तोच: तुमच्या कारकिर्दीत किती विहिरी गोड्या राहिल्या, आकडा आहे का?

नसणारच. तर आपण करू. पाचूबंदर, किल्ल्यामागच्या वाड्या, नायगाव ते अर्नाळा, ज्यांची विहीर आहे त्यांनी कमेंटमध्ये विहिरीची खोली, समुद्रापासून अंतर आणि ईसी टाका. मीटर नसेल तर बाटली घेऊन शनिवारी माझ्याकडं या, मोजून देतो. बाटली आधी त्याच पाण्यानं दोनदा विसळा.