ज्येष्ठांना जुना लॅपटॉप द्या, पण रडतखडत चालणारा नको

घरात नवा लॅपटॉप आला की जुना आपोआप आईवडिलांच्या खोलीत जातो. ‘त्यांना काय, बातम्या वाचायच्या आणि नातवंडांशी बोलायचं, एवढ्याला कसाही चालेल,’ असं आपण सहज म्हणून जातो. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. संथ मशीन तुम्हा-आम्हाला चालवून घेता येतं, ७० वर्षांच्या माणसाला नाही. आपल्याला ठाऊक असतं की हे मशीनच मंद आहे, म्हणून आपण थांबतो. आजोबा चित्रावर क्लिक करतात, काही होत नाही, म्हणून पुन्हा करतात, आणखी दोनदा करतात, आणि मग चार खिडक्या एकदम उघडतात. ‘माझ्या हातून काहीतरी बिघडलं,’ असं त्यांना वाटतं आणि दुसऱ्या दिवसापासून ते त्याला हात लावत नाहीत. वापरलेला लॅपटॉप जरूर घ्या, पैसे वाचवा, पण वेगात आणि पडद्यात काटकसर करू नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

त्याआधी त्यांनाच विचारा, की करायचं काय आहे. व्हॉट्सॲप आणि यूट्यूब एवढंच असेल तर चांगला टॅब्लेट बरा. पेन्शनसाठीचा हयातीचा दाखलाही आता ‘जीवन प्रमाण’मधून मोबाईलवर चेहरा दाखवून काढता येतो, त्यासाठी लॅपटॉप लागत नाही. पण सोसायटीचा हिशेब ठेवायचा असेल, आठवणी लिहून काढायच्या असतील, आयकराचं विवरणपत्र स्वतः भरायचं असेल, ई-पेपर मोठ्या अक्षरात वाचायचा असेल, तर लॅपटॉपच हवा.

आता बाजाराकडे वळू. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, आणि बहुतेक जिल्ह्यांच्या गावी अशी दोन-चार दुकानं असतात. तिथे ‘रिफर्बिश्ड’ म्हणून मिळणारा बराचसा माल मोठ्या कंपन्यांनी तीन-चार वर्षं वापरून बदललेला असतो. डेलचा लॅटिट्यूड, लेनोव्होचा थिंकपॅड, एचपीचा एलिटबुक किंवा प्रोबुक ही त्यातली नेहमीची नावं. दिसायला साधे, पण कळफलक मजबूत, बिजागऱ्या घट्ट आणि सुटे भाग सहज मिळणारे. साधारण १५ ते २५ हजारांत यातलं चांगलं मशीन पदरात पडतं. त्याच पैशात मिळणाऱ्या सगळ्यात स्वस्त नव्या लॅपटॉपपेक्षा मी हेच घेईन.

दुकानात पहिला प्रश्न विचारायचा तो प्रोसेसरच्या पिढीचा. विंडोज १० चा नियमित मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. ‘आय५-८२५०यू’ यात आय५ नंतरचा आकडा आठने सुरू होतो, म्हणजे आठवी पिढी. ‘७२००यू’ असेल तर सातवी. ‘१०२१०यू’ असेल तर दहावी. नुसतं ‘आय५ आहे, आय७ आहे’ यावर जाऊ नका. सातव्या पिढीचा आय७ स्वस्तात मिळतो, दुकानदार त्यात आडमार्गाने विंडोज ११ घालूनही देतो आणि ते सुरूही होतं. पण अशा मशीनला पुढची सुरक्षा-दुरुस्ती मिळेलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. बँकेचं काम ज्यावर व्हायचं, तिथे ही जोखीम कशाला घ्यायची?

मग एसएसडी. यावर तडजोड नाही. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क असेल तर ती काढून २५६ जीबीची एसएसडी बसवून घ्या. रॅम ८ जीबी असावी. वेग वाढवायला एवढं पुरतं. एक टीबी जागा आहे असं सांगून कुणी हार्ड डिस्क गळ्यात मारू पाहील, तर सरळ नको म्हणा. ज्येष्ठांचे फोटो आणि कागदपत्रं सहसा २५६ जीबीत मावतात.

पडद्याशी मात्र पाच मिनिटं बसा. फुल एचडी पडदाच मागा आणि तो चकचकीत नसावा, कारण खिडकीचा उजेड त्यात दिसत राहिला की मोतीबिंदूच्या डोळ्यांना फार त्रास होतो. सेटिंगमध्ये अक्षरं १२५ किंवा १५० टक्के करून बघा. जुन्या कमी दर्जाच्या पडद्यावर अक्षरं एवढी मोठी केली की अर्धं पान बाहेर जातं, फुल एचडीवर जागा उरते. पडदा थोडा मागेपुढे कलवूनही पाहा. काही पडदे जरा कोन बदलला की काळवंडतात. शक्य असेल तर ज्यांच्यासाठी घ्यायचा त्यांनाच सोबत न्या, चष्म्यासकट. कळफलकावर त्यांनाच दोन ओळी टाईप करू द्या. परदेशातून आलेल्या मशीनवर कधी कधी वेगळ्याच भाषेचा कळफलक असतो आणि वर इंग्रजी अक्षरांचे स्टिकर चिकटवलेले असतात. ते महिन्याभरात निघतात. असा घेऊ नका.

बॅटरीची फार चिंता करू नका. घरात टेबलावर, प्लगला लावूनच तो बहुतेक चालणार. वीज गेल्यावर तासभर टिकली तरी पुरे. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल निघतो. तो दुकानदाराला काढून दाखवायला सांगा आणि मूळ क्षमतेच्या तुलनेत आता किती उरली आहे ते पाहा. मात्र लॅपटॉप सपाट टेबलावर डुगडुगत असेल किंवा टचपॅड वर उचललेला दिसत असेल, तर बॅटरी फुगलेली असू शकते. तो मुळीच घेऊ नका.

पैसे देण्यापूर्वी आणखी एक गोष्ट आग्रहाने करून घ्या. दुकानातच विंडोज रीसेट करायला लावा आणि मोबाईलचं इंटरनेट जोडून पहिल्यापासून सुरू करून बघा. मशीन आधीच्या कंपनीच्या ताब्यातून नीट सुटलेलं नसेल, तर सुरुवातीलाच त्या कंपनीचा ईमेल मागतं. दुकानात नुसतं चालू करून दाखवतात तेव्हा हे कळत नाही. सुरू झाल्यावर विंडोज ॲक्टिव्हेट झालेली आहे का, बायोसला पासवर्ड आहे का, कॅमेरा, माईक आणि वायफाय चालतात का, तेही पाहून घ्या. कॅमेऱ्यात काळोख दिसला तर त्यावरची छोटी सरकती झडप आधी उघडा. घरी गेल्यावर आईलाही ही झडप दाखवून ठेवा.

ऑनलाइन जाहिरात पाहून, मशीन न बघता आगाऊ पैसे कुणालाही पाठवू नका. ‘मी लष्करात आहे, बदली झाली म्हणून स्वस्तात विकतोय’ असं सांगून फसवण्याचे प्रकार वारंवार घडले आहेत. बिल घ्याच, आणि त्यावर मशीनचा सिरीयल नंबर लिहून घ्या. उद्या तो चोरीचा निघाला तर तुमच्या हातात तेवढाच कागद असेल.

घरी आणल्यावर आईबाबांचं खातं साधं ठेवा, ॲडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे राहू दे. ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा’ असं पडद्यावर आलं तर फोन करायचा नाही, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरायचं आणि तुम्हाला कळवायचं, हे त्यांच्याकडून एकदा प्रत्यक्ष करवून घ्या. कुणी फोनवरून लॅपटॉप आपल्या ताब्यात मागितला तर द्यायचा नाही, मग तो स्वतःला बँकेचा म्हणवो की पोलिसांचा. पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा. जेवढा लवकर फोन, तेवढी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त. हा नंबर मोठ्या अक्षरात लिहून टेबलाशेजारी लावा.

आणि पहिले काही आठवडे मशीन कपाटात ठेवू देऊ नका. दुकानाची वॉरंटी अनेकदा महिन्या-तीन महिन्यांचीच असते. रोज अर्धा तास व्हिडिओ कॉल, थोडं टाईप करणं, एखादा चित्रपट, असा वापर झाला की तापणारा पंखा, सैल चार्जर, अधूनमधून तुटणारं वायफाय जे काही असेल ते मुदतीतच उघडकीला येतं, आणि बिल घेऊन दुकानात जाता येतं.