कंपाउंड नको, वई घाला

गणपती झाले की दिवाळीपर्यंत आमच्या वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच विषय असतो: यंदा कोणी घराचं काय काय केलं. कोणी कौलं उतरवून स्लॅब टाकला, कोणी अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले, कोणी पडवीला ग्रिल लावलं. सगळ्यात जास्त अंगठे मात्र कंपाउंडच्या फोटोला पडतात. चिऱ्याची नाहीतर ब्लॉकची पाच फुटी भिंत, वर काचांचे तुकडे, मध्ये लोखंडी गेट. खाली लिहिलेलं असतं, "आता कसं घर वाटतंय!" मग कोणीतरी विचारतंच, "आपलं कधी?"

ग्रुपवर लिहिलं की पुढच्या गुड मॉर्निंगखाली गाडलं जातं, म्हणून इथे सविस्तर लिहितो. महाड-पोलादपूरच्या उतारावर आणि पुराच्या पट्ट्यात घराभोवती पक्की भिंत घालणं हा शहाणपणा नाही. ती आपल्या पैशाने विकत घेतलेली अडचण आहे, आणि बऱ्याचदा ती शेजाऱ्याच्या गळ्यात पडते. घराला कुंपण हवंच असेल तर आपल्या आजी-आजोबांनी केलं तेच करा. काटेरी झाडांची जिवंत वई घाला.

आधी आपण राहतो कुठे ते बघू. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते आणि घाट उतरून पोलादपूरवरून महाडला येते. महाडजवळ तिला गांधारी मिळते, पुढे दासगावकडे काळ नदी मिळते. त्याखाली बाणकोटची खाडी. वरून घाटाचं पाणी आणि खालून भरती अशी एकच वेळ साधली गेली की पाण्याला जायला वाट राहत नाही. 22 जुलै 2021 ला काय झालं ते इथल्या प्रत्येकाला पाठ आहे. महाडच्या बाजारपेठेत पाणी पहिल्या मजल्याला लागलं. त्याच दिवशी तळियेत डोंगर खाली आला आणि 80 हून जास्त माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरड कोसळून माणसं गेली.

वई असती तर तळिये वाचलं असतं, असं मी म्हणत नाही. डोंगर सुटला की झुडूपही थांबवत नाही आणि भिंतही थांबवत नाही. पण दरवर्षीच्या पावसात, बातमीत न येणाऱ्या पावसात, आपल्या अंगणातलं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे आपण ठरवू शकतो. कंपाउंड घालताना नेमका हाच विचार कोणी करत नाही.

आता थोडा हिशोब. भिंतीच्या एका बाजूला एक मीटर उंच पाणी साचलं आणि दुसरी बाजू कोरडी राहिली, तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर साधारण 500 किलोचा रेटा येतो. पाणी दोन मीटर झालं तर हा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणजे 2000 किलो. अकरावीच्या फिजिक्समधलं गणित आहे, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. आपली कंपाउंडं गवंडी अंदाजाने बांधतो. पाया दीड-दोन फूट, तोही भरावात. पाणी जायला भिंतीत भोकं ठेवलेली असली तर पहिल्याच पावसाळ्यात घरातलं कोणीतरी "साप येतात" म्हणून ती सिमेंटने बुजवतं. त्यानंतर ते कुंपण राहत नाही, छोटं धरण होतं. फरक एवढाच की धरणाला इंजिनियर असतो.

अशी भिंत पडते तेव्हा कोणावर पडते? 2019 च्या जूनअखेर पुण्यात कोंढव्याला एका सोसायटीची संरक्षक भिंत पलीकडच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि 15 जण गेले. तीन-चार दिवसांत मुंबईत मालाडला, पिंपरीपाड्यात, जलाशयाच्या आवाराची भिंत पावसात कोसळली आणि 30 हून जास्त माणसं गेली. दोन्हीकडे भिंत ज्यांच्या संरक्षणासाठी होती ते आत होते आणि मेले ते बाहेरचे. आपल्या गावात झोपडपट्टी नाही असं म्हणू नका. आपल्याकडे "खालचं घर" असतं. उतारावरच्या प्रत्येक वाडीत असतं, आणि ते बहुतेक वेळा गरिबाचं असतं.

न पडणारी भिंतही निरुपद्रवी नसते. उतारावर पाणी पूर्वी सगळ्या अंगणांतून पसरून, गवतातून, वईच्या मुळांतून जिरत जिरत खाली जायचं. वरच्याने कंपाउंड घातलं की ते सगळं पाणी भिंतीच्या कडेने धावतं आणि टोकाला एका जागी सुटतं. तिथे ज्याचं घर असेल त्याच्या पडवीत चिखल. मग तोही भिंत घालतो आणि पाणी आणखी खालच्याकडे ढकलतो. आमच्या वाडीत एक जुना पऱ्या अशा तीन कंपाउंडांमध्ये नाहीसा झाला. पाणी नाहीसं झालं नाही. ते आता रस्त्यावरून जातं, आणि रस्ता खचला की आपण ठेकेदाराला शिव्या घालतो.

मुंबईतल्या दहा बाय दहाच्या खोलीत वाढलेल्या माणसाला गावी आपली हद्द डोळ्यांनी दिसावी असं वाटतं, हे मला समजतं. वर्षातले दहा महिने घराला कुलूप असतं, गणपती आणि शिमग्यालाच दार उघडतं. म्हणून भीतीही खरी आहे. पण ज्या घरात दहा महिने कोणी नाही, त्याची राखण पाच फुटी भिंत करत नाही. ती शेजारची काकू करते. आणि भिंत उभी राहिली की सगळ्यात आधी काकूलाच तुमचं दार दिसेनासं होतं. चोराला मात्र आत शिरल्यावर निवांत आडोसा मिळतो.

"वई सरकते" हा आक्षेप मात्र खरा आहे. कोकणातली निम्मी भांडणं वीतभर सरकलेल्या वईची असतात. त्यावर उपाय आहे: आधी सरकारी मोजणी करून घ्या, हद्दीचे दगड पक्के रोवा, आणि झाडं दगडापासून हातभर आत लावा. हद्द दगड सांगेल, राखण झाडं करतील. आणि भिंतीने भांडण मिटतं असं कोणी सांगितलं? भिंत चार इंच पलीकडे गेली तर प्रकरण कोर्टात जातं. वई पलीकडे गेली तर कोयत्याने मिटतं. म्हणजे झाडावर चालवलेल्या कोयत्याने.

सापाचं म्हणाल तर साप उंदराच्या मागे येतो, आणि उंदीर तुमच्या खरकट्याच्या मागे. भिंतीच्या फटीही त्याला चालतात. वानरं भिंतीलाही दाद देत नाहीत आणि वईलाही, तेव्हा त्यांना दोन्ही बाजूंच्या हिशोबातून वगळू. रानडुकराला मात्र बुंध्यापासून दाट असलेली काटेरी वई नकोशी वाटते.

मग लावायचं काय? नर्सरीवाला तुम्हाला ड्युरांटा आणि फायकस देईल. ती हॉटेलच्या लॉनची झाडं आहेत, गुरं त्यांतून आरपार जातात. आपल्या मातीतली, आपल्या पावसाची यादी वेगळी आहे.

पहिला मान करवंदाचा. मुंबई-गोवा हायवेवर मे महिन्यात पानांच्या द्रोणात विकत मिळतात तीच करवंदं. जोडकाटे, बारमाही हिरवी पानं, थंडी सरता सरता पांढरी सुवासिक फुलं, आणि वर खायला फळ. कटिंग सहज जगत नाही, बी लावावं लागतं, आणि ते बी जुनं झालं की उगवत नाही. म्हणून मेमध्ये करवंदं खा, बिया धुऊन सावलीत वाळवा आणि लगेच पिशव्यांत लावा. रोपं पुढच्या जूनमध्ये जमिनीत, दोन ओळींत, नागमोडी, दीड-दोन फुटांवर. वई दाट व्हायला तीन-चार वर्षं लागतात. इथे घाई चालत नाही.

दुसरा सागरगोटा. आजीच्या पिढीच्या मुली ज्या राखाडी गोट्यांनी खेळायच्या, ते याचं बी. याला आकड्यासारखे उलटे काटे असतात, कपडा अडकला की फाटल्याशिवाय सुटत नाही. बियांचं कवच दगडासारखं कठीण, म्हणून एका बाजूने घासून, रात्रभर पाण्यात ठेवून लावायचं. हा वेलीसारखा पसरतो, म्हणून मागच्या परसात ठीक. पुढे लावलात तर पोस्टमन शाप देईल.

तिसरी चिल्हार. थंडीत पिवळ्या फुलांचे तुरे येतात, काटे जबरदस्त. पण हिला वर्षातून एकदा कापलीच पाहिजे. दक्षिण आफ्रिकेत नेलेली चिल्हार आज तिथे उपद्रवी म्हणून काढावी लागते. इथे ती घरची आहे, तरी मोकाट सोडू नये.

निवडुंगाची फांदी नुसती खोचली तरी जगते, फुकट आहे, गुरं तोंड लावत नाहीत. पण त्याचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. घरात लहान मूल असेल तर नको. शेराचंही तेच. घाणेरी मुद्दाम लावू नका. पाखरं तिच्या बिया रानभर करतात आणि मग रानात दुसरं काही उगवत नाही. फड्या निवडुंगाचा धडाही लक्षात ठेवा. बाहेरून आलेलं हे झाड दक्षिण भारतात इतकं माजलं की 1926 मध्ये ते खाणारी कीड श्रीलंकेहून आणून सोडावी लागली. बोगनवेल परदेशीच, पण तिला इथे सहसा बी धरत नाही. गेटपाशी रंग हवा असेल तर तिला माझी हरकत नाही.

एका भिंतीला मात्र माझा विरोध नाही. घरामागचा कापलेला डोंगर धरून ठेवणारी भिंत वेगळी. ती हवीच. पण ती जाणकाराला विचारून, मागे दगडाची भर आणि पाण्याला वाट ठेवून बांधा. कंपाउंडच्या टाइल्स आणि गेटवर जाणारे पैसे या भिंतीला लावले असते, तर अशी किती घरं आज निर्धास्त झोपली असती.

वई म्हणजे सगळंच गोड, असंही नाही. इंग्रजांनी मिठावरचा कर वसूल करायला सिंधूकडून पार ओडिशाच्या दिशेने दोन हजारांहून जास्त मैलांची जकातीची सीमा आखली, बुऱ्हाणपूरवरून जाणारी. तिच्या बऱ्याच भागात त्यांनी काटेरी कुंपणच वाढवलं होतं. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग, सगळी आपलीच झाडं. माणसाने मीठ नेऊ नये म्हणून तिथे पहारे होते. 1879 मध्ये ही सीमा मोडली. आणि आपल्या महाडात तर कुंपणाचीही गरज पडली नव्हती. चवदार तळं नगरपालिकेने 1924 मध्ये कागदोपत्री सगळ्यांना खुलं केलं, तरी 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना हजारो माणसांसह तिथे जाऊन पाणी प्यावं लागलं. म्हणून वई घालताना तिच्यात वाट ठेवा. जुन्या वईला कवाडी असायची. पाण्याला जाणाऱ्या बायका, करवंदं विकायला येणारी कातकरीण, शाळेची पोरं तिथून जायची. पायवाट कोणाच्या सातबाऱ्यावर नसली तरी ती कोणाची तरी असते.

तुम्ही ठाण्यात असाल, दिव्यात असाल, नालासोपाऱ्यात असाल, पैसे पाठवणारे तुम्हीच आहात. तेव्हा शब्द तुमचाच चालतो. यंदा घरून "कंपाउंडचं बघ" असा फोन आला तर आधी दोन प्रश्न विचारा: पावसाचं पाणी आपल्या अंगणातून कुठे जातं, आणि खाली कोणाचं घर आहे? उत्तर मिळाल्यावरही भिंतच हवी असं वाटलं तर खुशाल घाला, पण आधी खालच्या घरी जाऊन सांगा. नाहीतर मेमध्ये करवंदाच्या बिया जपून ठेवा. रोपांच्या पिशव्या, शेण, माती आणि शेजाऱ्याचा एक दिवस, एवढाच खर्च आहे.