आधी मोटर, मग रंग

आमच्या महाविद्यालयाच्या कट्ट्यावर पूर्वी क्रिकेट आणि सिनेमा हे दोनच विषय चालत, असे जुने प्राध्यापक सांगतात. आता त्यांत तिसऱ्याची भर पडली आहे. कोणाच्या ग्राफिक्स कार्डात किती मेमरी आहे आणि कोणता खेळ किती फ्रेमनी चालतो, यावर वर्गात कधी होत नाही एवढी चर्चा तिथे होते. सुटे भाग निवडून खेळासाठी स्वतःचा संगणक जुळवावा, हा अनेक विद्यार्थ्यांचा ध्यास झाला आहे. वडीलधाऱ्यांना हे खूळ वाटते. मला तसे वाटत नाही. परंतु या ध्यासापायी आपण पैसा कोठे ओततो आणि घरी काय सांगून तो आणतो, या दोन गोष्टींविषयी मला थोडे बोलावयाचे आहे. ते बोलण्याचा अधिकार मी बऱ्यापैकी किंमत मोजून मिळवला आहे.

पहिल्या वर्षाला असताना मी घरी सांगितले, की अभ्यासासाठी संगणक हवा. बाबा उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लेथवर काम करतात. त्यांनी भिशीचे 60 हजार रुपये माझ्या हातावर ठेवले. म्हणाले, "कुठला घ्यायचा ते तुलाच कळतंय. आम्हाला काय कळतंय त्यातलं?" ते पैसे घराची कौले बदलण्यासाठी बाजूला काढलेले होते, हे मला ठाऊक होते. तरीही मी घेतले.

त्या पैशांत मी काय आणले? आठ कोअरचा प्रोसेसर, कारण मित्रांवर छाप पडावी. काचेची कॅबिनेट आणि रंगीबेरंगी दिव्यांचे पंखे, कारण ते चित्रफितींत छान दिसत होते. पडद्याचे पैसे दिल्यावर ग्राफिक्स कार्डासाठी उरले ते किडूकमिडूक. आणि वीज पुरवणारा पॉवर सप्लाय? तो कॅबिनेटबरोबर फुकट मिळाला. त्यावर 500 वॅट असे ठळक छापले होते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच. खेळ अडखळत चालायचे, दिवे मात्र झगमगायचे.

सात महिन्यांनी, जूनच्या एका संध्याकाळी, वीज दोनदा गेली आणि आली. 'फट्' असा आवाज झाला, जळका वास सुटला. पॉवर सप्लाय गेला आणि जाताना मदरबोर्डालाही घेऊन गेला. त्याच रात्री माजघरात गळक्या कौलांखाली आईने दोन बादल्या ठेवल्या होत्या. त्यांत पडणाऱ्या थेंबांचा आवाज मी अद्याप विसरलेलो नाही.

या अंकाच्या कन्नड विभागात लिहिणाऱ्या माझ्या एका मित्राने दुसऱ्या दिवशी येऊन एकेक भाग तपासला. त्याचे मराठी बेताचे, माझे कन्नड बेताचे. पण स्क्रू-ड्रायव्हरला भाषा लागत नाही. त्याच्याकडून आणि नंतर स्वतः वाचून जे शिकलो, ते थोडक्यात मांडतो.

पहिली गोष्ट, निवड पडद्यापासून सुरू करावी. 1920 गुणिले 1080 च्या पडद्यावर 20,73,600 बिंदू असतात. 3840 गुणिले 2160 च्या पडद्यावर 82,94,400, म्हणजे बरोबर चौपट. सेकंदाला 60 चित्रे हवी असतील तर प्रत्येक चित्र सुमारे 16.7 मिलिसेकंदांत तयार व्हावे लागते. तेवढ्या वेळात चौपट बिंदू रंगवायचे तर कार्डही तसेच तगडे लागते. विद्यार्थ्याच्या ऐपतीला पहिला पडदा पुरेसा आहे. शिवाय पडदा जर सेकंदाला 60 वेळाच बदलत असेल, तर त्यापुढच्या फ्रेम मोजून मिरवण्यात फारसा अर्थ नाही.

दुसरी गोष्ट, खेळाचा संगणक असेल तर सर्वांत मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाचा. माझ्या मते एकूण रकमेचा तिसरा हिस्सा तरी त्यावर खर्चावा, आणि शक्यतो 8 जीबीहून कमी मेमरीचे कार्ड घेऊ नये. प्रोसेसर सहा कोअरचा असला तरी बहुतेक खेळांना पुरतो. 2022 साली आलेला रायझन 5 5600 हे त्याचे चांगले उदाहरण. रॅमची एकच 16 जीबीची पट्टी घेण्याऐवजी 8-8 च्या दोन घ्याव्यात. प्रोसेसरला दोन्ही वाटांनी माहिती मिळते. मात्र डीडीआर 4 ची पट्टी डीडीआर 5 च्या खाचेत बसत नाही, हे मदरबोर्ड घेण्यापूर्वी पाहावे. 2025 च्या अखेरीस, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्यामुळे, रॅमचे भाव भडकले. तेव्हा भाव ऐकीव माहितीवर न धरता खरेदीच्या आठवड्यातच दोन-तीन ठिकाणी विचारावेत.

तिसरी गोष्ट पॉवर सप्लायची. तो भिंतीतल्या 230 व्होल्टच्या विजेतून 12, 5 आणि 3.3 व्होल्टचा प्रवाह काढून देतो. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः 12 व्होल्टवर चालतात. म्हणून वॅटचा मोठा आकडा न पाहता लेबलावरची 12 व्होल्टची ओळ वाचावी. तिथे 30 ॲम्पिअर लिहिलेले असतील, तर 12 गुणिले 30, म्हणजे 360 वॅटच खऱ्या उपयोगाचे. 65 वॅटचा प्रोसेसर, 170 वॅटचे आरटीएक्स 3060 कार्ड आणि इतर किरकोळ भाग मिळून भार तीनशे वॅटच्या आसपास जातो; त्याला चांगल्या प्रतीचा 550 वॅटचा सप्लाय निर्धास्त पुरतो. 'एटी प्लस' हे चिन्ह विजेची बचत किती होते ते सांगते, सुरक्षिततेची हमी ते एकटे देत नाही. दाब वाढल्यास किंवा शॉर्ट झाल्यास आपोआप बंद पडण्याची सोय आहे का, हे वेगळे विचारावे.

चौथी गोष्ट, जुना भाग घेण्यात कमीपणा नाही. 2022 च्या सप्टेंबरात इथेरियम या आभासी चलनाचे 'खाणकाम' थांबले आणि त्यासाठी राबवलेली ढीगभर कार्डे जुन्या बाजारात आली. अशी वस्तू आपल्या डोळ्यांसमोर तासभर चालवून घ्यावी, आणि नव्या वस्तूचे पक्के बिल कधी सोडू नये. पॉवर सप्लाय मात्र जुना घेऊ नये.

यावर कोणी म्हणेल, एवढी डोकेफोड कशाला? तयार लॅपटॉप घ्यावा आणि मोकळे व्हावे. ज्याला रोज बस पकडून यायचे आहे त्याने जरूर तसे करावे. पण जुळवलेल्या संगणकाचा एक मोठा गुण असा, की तो हप्त्याहप्त्याने वाढवता येतो. आज साधे कार्ड, दोन वर्षांनी बरे. आज 8 जीबी, पुढे आणखी 8. ज्याच्या घरी पैसा एकदम येत नाही, त्याच्यासाठी ही सोय फार मोलाची आहे. आणि भार, प्रवाह, उष्णता हे शब्द पुस्तकातून उठून हाताला लागतात, ते वेगळेच.

आता राहिली दुसरी बाब. संगणक जळाल्यावर आठवडाभराने मी बाबांना खरे सांगितले, की अभ्यास हे निमित्त होते. ते रागावले असते तर बरे झाले असते. ते एवढेच म्हणाले, "खेळायला पाहिजे होतं तर तसं सांगायचं की रे. कौलं झाल्यावर बघितलं असतं." मग त्यांनी जळका डबा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "जुनं लेथ मशीन घेताना आम्ही आधी बेड बघतो, मोटर बघतो. रंग शेवटी."

ज्यांना यातले काही कळत नाही असे मी समजत होतो, त्यांना नेमके कळत होते. मी आधी विचारले असते, खरे सांगून विचारले असते, तर पॉवर सप्लायही टिकला असता आणि कौलेही झाली असती.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. खेळासाठी संगणक हवा असेल तर तसे स्पष्ट सांगा. खेळ ही काही चोरी नव्हे. घरात त्याआधी कोणते काम अडले आहे ते विचारा. उरलेल्या पैशांची यादी कागदावर करा आणि ती घरातल्या जाणत्या माणसाला वाचून दाखवा. त्याला रॅम कळणार नाही, पण फुकट मिळालेली वस्तू यादीत दिसली की तो नक्की थांबवील.

गेल्या उन्हाळ्यात आमची कौले बदलून झाली. शिकवण्या करून मी नवा मदरबोर्ड आणि चांगला पॉवर सप्लाय घेतला; कार्ड जुनेच आहे. दिव्यांच्या वायरी काढून ठेवल्या आहेत. कधी बाबा कामावरून येऊन शेजारी बसतात, आणि मोटारींच्या शर्यतीत माझ्यापेक्षा जास्त वेळा गाडी भिंतीवर आपटतात.