खोट्या फाइलवर खरी टेस्ट होत नाही

फाइल अपलोडला स्वयंचलित टेस्ट कशाला, असं म्हणणाऱ्यांचा पूर्वपक्ष असा: फाइल स्वीकारणं फ्रेमवर्कचं काम आहे आणि जँगो-फ्लास्क लिहिणाऱ्यांनी ते तपासलेलं आहे. आपण एकदा ब्राउझरमधून फोटो चढवून पाहिला की झालं. टेस्ट हवीच असेल तर फाइल साठवणारं फंक्शन मॉक करावं आणि ते बोलावलं गेलं का, तेवढं बघावं.

फ्रेमवर्क तपासलेलं असतं, हे खरं. पण त्यावर आपण केलेली सेटिंग्ज आणि आपला कोड कुणी तपासलेला नसतो. जँगो मुळात २.५ एमबीपर्यंतची फाइल मेमरीत ठेवतो, त्याहून मोठी डिस्कवर तात्पुरती लिहितो. जँगो ३.० च्या आधी या दुसऱ्या वाटेने आलेल्या फायलींना बऱ्याच सर्व्हरवर ०६०० परवानगी मिळे, म्हणजे मालकाखेरीज कुणालाच त्या वाचता येत नसत. छोटा फोटो दिसायचा, मोठा दिसायचा नाही. हातानं एकदा छोटा फोटो चढवून पाहणाऱ्याला हा दोष सापडणार कसा? मॉकला तर परवानगी म्हणजे काय हेच माहीत नसतं.

आपल्या जवळचं उदाहरण फ्लास्कचं. अपलोड झालेल्या फाइलचं नाव वर्कझॉइग लायब्ररीच्या ‘सिक्युअर फाइलनेम’ फंक्शनमधून गाळून घ्यावं, असं फ्लास्कची मार्गदर्शिका सांगते. सल्ला योग्यच आहे. त्यानं सर्व्हरवर भलत्या फोल्डरात लिहिण्याचा हल्ला टळतो. पण हे फंक्शन देवनागरीचं प्रत्येक अक्षर टाकून देतं. ‘सातबारा’ नावाची पीडीएफ दिली, तर उरतात फक्त एक्स्टेन्शनची तीन रोमन अक्षरं, त्यांच्याआधीचं टिंबही जातं. ‘फेरफार’ नावाच्या पीडीएफचंही तेच होतं. दोन्ही त्याच नावानं एका फोल्डरात साठवल्या की दुसरी पहिलीवर लिहिली जाते. एका शेतकऱ्याचा कागद दुसऱ्याच्या कागदाखाली नाहीसा होतो, आणि कुठेही एरर येत नाही. इंग्रजी नावाच्या नमुना फाइलवर चालणारी टेस्ट मात्र हिरवीच राहते. मराठी माणसांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यानं देवनागरी नावाची टेस्ट टाळणं मला अक्षम्य वाटतं.

म्हणून माझा आग्रह असा, की टेस्टनं खरे बाइट खऱ्या रिक्वेस्टमधून पाठवावेत. फाइल टेस्टमध्येच तयार करावी, साठवण तात्पुरत्या फोल्डरात करावी. देवनागरी नावाच्या दोन फायली पाठवून दोन्ही परत वाचाव्यात आणि बाइट जुळवावेत. आकाराची मर्यादा तपासायला मोठ्या फायली बाळगायची गरज नाही. टेस्टपुरती मर्यादा शंभर बाइट करावी, मग शंभर आणि एकशे एक पाठवावेत. फाइलचा प्रकार ब्राउझर सांगतो, त्यावर विसंबू नये. जेपीईजी एफएफ डी८ एफएफ या बाइटांनी सुरू होते. जेपीईजीचं नाव लावलेला साधा मजकूर पाठवून तो नाकारला जातो का, हे पाहावं.

ब्राउझर चालवणाऱ्या टेस्ट संथ असतात, हा विरोधकांचा आक्षेप मला मान्य आहे. तशी एकच ठेवावी, पण स्टेजिंग सर्व्हरवर आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यातल्या फोटोएवढी फाइल घेऊन. कारण ॲपच्या पुढे असणाऱ्या एनजिनएक्स वेब सर्व्हरची मूळ मर्यादा १ एमबी आहे. ती ओलांडली की ४१३ एरर तिथूनच परत जाते, आपल्या कोडपर्यंत काही पोचतच नाही. फ्रेमवर्कच्या टेस्ट क्लायंटला हे कधीच दिसत नाही.

आणि नाकारलेल्या प्रत्येक फाइलनंतर फोल्डर रिकामं आहे ना, डेटाबेसमध्ये अर्धवट नोंद राहिली नाही ना, हेही त्याच टेस्टमध्ये तपासावं.