विहीर त्याची, पाणी तिचं

आमची विहीर सातबाऱ्यावर नवऱ्याच्या नावे आहे. पाणी गाळणं, उकळणं मात्र माझ्याकडे. घरात कुणाला जुलाब झाले की "पाणी नीट उकळलं नव्हतंस का?" हा प्रश्नही मलाच. उकळल्याने जंतू मरतात. फ्लोराइड, नायट्रेट जात नाहीत. उलट पाणी आटून त्यांचं प्रमाण वाढतं. भारतीय मानकानुसार लिटरमागे दीड मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइडचं पाणी पिण्यायोग्य नाही. ते चवीवरून कळत नाही, तपासावंच लागतं. विहिरीवरच्या मोटारीला पैसे निघतात, मग पाणी तपासायला का नाहीत? मैत्रिणींनो, चुलीपुढे घाम गाळण्याआधी घरात तपासणीचा कागद मागूया. आणि उकळावं लागलंच, तर ते काम दोघांचं असू दे.