कुटुंबाचे आरोग्य : दमा थांबला, तरी औषध थांबवू नये

दम्याचा झटका ओसरला, रात्री झोप लागू लागली, की पंप फडताळात टाकावयाचा, अशी रीत आम्हांस पुष्कळ घरांत दिसते. पुढील झटक्याचे बीज बहुधा येथेच पडते.

झटक्याच्या वेळी श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, आतील अस्तर सुजते व चिकट कफाने वाट अधिकच अरुंद होते. साल्बुटामॉलचा पंप आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करतो. सूज मात्र तशीच राहते. ती उतरविणे हे रोज घ्यावयाच्या स्टिरॉइडच्या पंपाचे काम. त्याचा पुरता गुण यावयास काही आठवडे लागतात, म्हणूनच तो निरुपयोगी समजून टाकला जातो. केवळ साल्बुटामॉलवर प्रौढांनी व किशोरांनी विसंबू नये, असे 'ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा' या संस्थेने २०१९ साली स्पष्ट सांगितले. पंपाचे व्यसन लागते ही भीती निराधार होय. औषध थेट फुप्फुसांत जात असल्याने ते गोळीपेक्षा पुष्कळ कमी लागते. स्टिरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरावी. मुलांस व वृद्धांस स्पेसर लावून द्यावा.

औषधाबरोबर घरादाराचीही काळजी हवी. डिचोलीत २०१८ साली थांबलेले खाणकाम २०२४ साली पुन्हा सुरू झाले. खनिजवाहू ट्रकांच्या वाटेवर राहणाऱ्यांनी वाहतुकीच्या वेळी रस्त्याकडील खिडक्या लावाव्या व धूळ कोरडी न झाडता ओल्या फडक्याने पुसावी. पेडण्यात काजूच्या हंगामात दमेकऱ्यास भट्टीच्या धुरात बसवू नये. पावसात भिंतींवर येणारी बुरशी वेळीच काढावी, पण ते काम दुसऱ्याने करावे. घरात विडी-सिगारेट ओढू नये. मिस्सेत धुपाचा त्रास होणाऱ्याने दाराजवळ बसावे. त्याने भक्तीस उणेपणा येत नाही. ॲस्पिरिनसारख्या गोळीनेही काहींचा दमा उसळतो, म्हणून ती विचारल्याविना घेऊ नये.

एवढे करूनही झटका आलाच आणि एक वाक्य सलग बोलवेनासे झाले, किंवा ओठ निळसर दिसू लागले, तर रोग्यास ताठ बसवून आराम देणारा पंप द्यावा व तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. सकाळची वाट पाहू नये.

मे महिन्यात आपण पावसाळ्याची पुरुमेंत भरतो : तांदूळ, मीठ, सुकी मासळी. त्याच सुमारास डॉक्टरांस भेटून पंप घेण्याची पद्धत तपासून घ्यावी, आणि त्या यादीत रोजचा पंप सर्वांत वर लिहावा.